फिंतासमधलं बर्फाचं फावडं

अख्ख्या कुवेतमध्ये बर्फ काढायचं फावडं बाळगणारा माणूस एकच असावा, आणि तो फिंतास भागात, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. काका जन्माने नाशिकचे, पासपोर्टाने अमेरिकन आणि नोकरीपुरते कुवेतचे. पण ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं की ‘ओहायोचे’ म्हणून सांगत, तेही पंचवटीतल्या माणसाने पंचवटी सांगावी इतक्या सहज. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल मिळेपर्यंत ते थांबत, आणि त्यांच्यामुळे काकूही उन्हात थांबत. चार जुलैला, घराबाहेर पाऊल टाकवत नाही अशा उकाड्यात, ते गच्चीवर शेगडी पेटवून अमेरिकेचा वाढदिवस साजरा करत. पहिल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा बैरुतमध्ये जन्मलेले एक डॉक्टर, मनिलाच्या एक शिक्षिका आणि एक हैदराबादी गृहस्थ बेसबॉलवरून कडाकडा भांडत होते. माझ्या नवऱ्याने बराच वेळ वाट पाहून हळूच विचारलं, “काका, अमेरिकन लोक कधी येणार?”

“आलेत की सगळे,” काका म्हणाले आणि कणसं उलटवत राहिले.

ओहायोहून येताना कंपनीने सामानाला कंटेनर दिला, तेव्हा काकूंनी त्यात लोणच्याच्या बरण्या भरल्या आणि काकांनी फावडं. धुळीचं वादळ येऊन गेलं की सारी इमारत खिडक्या पुसत बसे, आणि काका खाली फुटपाथवरची वाळू ओढत असत. आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, इजिप्तचा. तो कपाळाला हात लावून म्हणायचा, “अहो बाशमुहन्दिस, मालकाने पाहिलं तर माझी नोकरी जाईल!” बाशमुहन्दिस म्हणजे मोठे इंजिनिअर. काका इंजिनिअर होतेच, तरी ही पदवी त्यांना ऐकूच येत नसे. “तुझं काम दाराच्या आत. दारासमोरचा फुटपाथ राहणाऱ्याचा. आमच्या गावात तसा कायदा आहे,” ते सांगत. तो कायदा फिंतासला लागू नाही हे त्यांना कुणीच पटवून देऊ शकलं नाही. शेवटी हारिसने नाद सोडला आणि चहा आणून द्यायला सुरुवात केली.

एकदा मी या हट्टाचं कारण विचारलं. “पहिल्या हिवाळ्यात मला काय ठाऊक?” काका म्हणाले. “सकाळी दार उघडलं तर शेजारच्या पोलिश म्हाताऱ्याने माझ्याही दारासमोरचा बर्फ काढून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आधी उठलो. नागरिकत्वाची शपथबिपथ पुढे बऱ्याच वर्षांनी झाली गं. अमेरिकन मी त्या सकाळी झालो.”

गेल्या उन्हाळ्यात मात्र ते ओहायोतल्या आपल्या घरी जाऊन आले आणि गप्प गप्प राहू लागले. निवृत्ती जवळ आली होती, नोकरी संपली की कुवेत सोडणं आलं, आणि दोघं कायमचे तिकडेच जायचे होते. शेजारच्या त्या पोलिश म्हाताऱ्याच्या घरात आता एक तरुण राहायला आला होता. त्याने कुंपणावरून अगदी हसून विचारलं होतं, तुम्ही तुमच्या देशात परत कधी जाणार?

“मी म्हटलं, गुरुवारी,” काका म्हणाले. “विमान गुरुवारचंच होतं. तो काय विचारत होता ते विमानात बसल्यावर कळलं.”

“मग नाशिकला जाऊ या,” काकू म्हणाल्या.

“आणि तिथला बर्फ कोण काढणार?”

एरवी मी हसले असते.

जाताना फावडं आमच्याकडे ठेवून गेले. तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं म्हणाले. वरचा मजला रिकामा झाला आणि मला फार चुकल्या-चुकल्यासारखं झालं. परवा अवेळीच धुळीचं वादळ येऊन गेलं. संध्याकाळी मी फावडं घेऊन खाली उतरले. हारिसने चहा आणला, आणि बाशमुहन्दिस कसे आहेत म्हणून विचारलं. तिथूनच मी काकांना फोन लावला.

त्यांच्याकडे सकाळ होती आणि नुकताच बर्फ पडला होता. आपल्या दारासमोरचा काढून झाला होता, त्या तरुणाच्या दारासमोरचाही.

“मग? आला का तो बाहेर?”

“नाही अजून,” काका म्हणाले. ते जरा दम खात होते. “पण हिवाळा मोठा असतो गं आमच्याकडे.”