मास्तरांचं दुपंखी

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचं निम्मं आयुष्य गाडीत गेलं, पण गाडी चालवण्यात फारसं नाही. ते शेजारच्या सीटवर बसत. त्यांच्या पायाखाली स्वतंत्र ब्रेक होता आणि तोंडात न संपणाऱ्या सूचना. ‘सावकाश. सावकाश घ्या. समोरचा खांब आपल्यासाठी बाजूला होणार नाही.’ हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पत्नी चहा गाळत असतानाही त्यांच्या तोंडून ‘सावकाश’ निघे, आणि मग त्यांचा कप सगळ्यांत शेवटी भरला जाई.

गावाबाहेरच्या माळावर ते रिव्हर्स शिकवायला जात. तिथेच दर रविवारी काही हौशी मंडळी रिमोटची विमानं उडवत. एका रविवारी विद्यार्थी आलाच नाही. मास्तर बॉनेटला टेकून वर बघत राहिले, आणि त्या दिवसानंतर ते रस्त्याकडे बघतात ते केवळ कर्तव्य म्हणून, असं पत्नीचं मत आहे.

त्यांनी घेतलेलं पहिलं विमान फोमचं, शिकाऊ लोकांसाठी केलेलं. पंख एकच, आडवा, डोक्यावर धरल्यासारखा. विमान इतकं समजूतदार, की रिमोटच्या दांड्या सोडून दिल्या तर आपलं आपण सरळ होई. मास्तरांना ते पटेना. ज्याला चुका करता येत नाहीत त्याला शिकवायचं काय? त्यांना दुपंखी हवं होतं. एकावर एक दोन पंख, मधे खांब, खांबांना ताणलेल्या दोऱ्या.

ते पत्नीला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने एक छोटं लाल, तरतरीत विमान पुढे ठेवलं. मास्तर गुडघ्यावर बसले, जुनी गाडी घेताना बघतात तसं खालून बघितलं, चाकं हलवली.

‘‘चाकं फारच जवळ आहेत. वळताना आडवं होणार.’’

‘‘साहेब, हे हवेत वळतं.’’

‘‘जमिनीवरही वळत असेल की कधीतरी. ते पिवळं दाखवा.’’

पिवळं मोठं होतं, पण वजनाला हलकं; चाकं ऐसपैस, चाल संथ. दुकानदाराने मान्य केलं, की दुपंखीच घ्यायचं असेल तर नवख्याला हेच बरं. लाल विमान माणसाला विचार करायला वेळ देत नाही. मास्तर खूश झाले.

‘‘शिवाय दोन पंख,’’ ते म्हणाले. ‘‘एक मोडला तरी दुसरा आहेच.’’

‘‘तसं नसतं साहेब. पहिला मोडला की दुसरा त्याच्यावरच पडतो.’’

‘‘अहो, एका पंखाचं तरी नीट चालवा आधी,’’ पत्नी म्हणाली.

‘‘अगं, गाडी बदलल्याशिवाय हात बसत नाही.’’

‘‘बसू दे हात. धूळ कोण पुसणार तेवढं आत्ताच ठरवा.’’

माळावर नवख्यांना शिकवायचं काम दातांच्या एक डॉक्टरबाई करत. पद्धत अशी, की शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा रिमोट केबलने जोडायचा. डॉक्टर एक बटण दाबून धरत तोवर विमान मास्तरांचं. बोट उचललं की डॉक्टरांचं. डॉक्टरांच्या बोटाची गरज न पडता एक पूर्ण फेरी मारून जो विमान उतरवील, त्याची केबल सुटे.

या डॉक्टरांना गाडी मास्तरांनीच शिकवली होती, आणि शेवटच्या दिवसापर्यंत स्वतःच्या ब्रेकवरून पाय काढला नव्हता. डॉक्टर हे हसून सांगत, पण सांगत.

दुपंखीचा स्वभाव मास्तरांना कळायला वेळ लागला. दोन पंख, खांब, दोऱ्या, सगळं मिळून हवा अडवतं. थांबायचं म्हणजे ॲक्सिलरेटर सोडायचा, हे मास्तरांच्या रक्तात. उतरताना त्यांनी तो सोडला की विमान हवेतच दम लागल्यासारखं थबके आणि खाली बसू लागे. डॉक्टर बोट उचलत, विमान सावरत, आणि म्हणत, ‘‘मास्तर, याला घरी येतानाही जोर लागतो.’’

ते जमलं. दुसरं जमेना. विमान दूर जाताना डावं ते डावं असतं. समोरून येताना दांडी डावीकडे दाबली की ते आपल्या उजवीकडे जातं. सबंध आयुष्य विद्यार्थी आणि आपण एकाच दिशेला तोंड करून बसलेलो. गाडी आपल्याच अंगावर चाल करून येते आहे, हा अनुभव मास्तरांनी दुसऱ्यांवर सोपवलेला. विमान वळून समोर आलं की ते मोठ्याने ‘‘डावीकडे घ्या, सावकाश, डावीकडे’’ असं स्वतःलाच बजावत आणि ठामपणे चुकत.

‘‘माझ्या धंद्यात मी लोकांना तोंड उघडायला सांगते,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘तुम्ही कृपा करून मिटा.’’

अशात शेवटचा रविवार आला. माळाचा मालक त्या आठवड्यात नांगर घालणार होता. मग पीक निघेपर्यंत उडवणं बंद. आज केबल सुटली नाही, तर दुपंखी कपाटावर जाणार होतं. तिथे जागा करूनही झाली होती, जरा जास्तच तत्परतेने. पत्नी त्या दिवशी मुद्दाम घडीची खुर्ची घेऊन आली होती.

पहिलं उड्डाण वाया गेलं. विमान समोरून आलं, मास्तर ठामपणे चुकले, बोट उचललं गेलं.

‘‘माझ्याकडे,’’ डॉक्टर म्हणाल्या. हे त्या अगदी सौम्यपणे म्हणत, दात काढून झाल्यावर सांगावं तसं.

मास्तरांनी बॅटरी बदलली. मग म्हणाले, ‘‘डॉक्टर, मी पाठ करून उभा राहिलो तर नियमात बसतं?’’

‘‘कुणाकडे पाठ?’’

‘‘विमानाकडे. ते येतंय तिकडे पाठ करायची आणि मान वळवून मागे बघायचं. म्हणजे त्याचं डावं ते माझं डावं. रिव्हर्स आहे हो हा! मी जन्मभर दुसरं काय शिकवलं?’’

‘‘मानेची जबाबदारी माझ्याकडे नाही,’’ डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

विमान गेलं, वळलं, समोरून यायला लागलं. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ केली, कंबरेतून वळून खांद्यावरून मागे पाहिलं. माळावरची मंडळी हसली. एकाने ओरडून विचारलं, ‘‘मास्तर, हॉर्न देऊ का?’’ विमान मात्र रुळावरून यावं तसं सरळ आलं, डोक्यावरून गेलं, फेरी पुरी झाली. उतरताना मास्तरांनी जोर सोडला नाही. चाकं गवताला लागली, विमान थोडं धावलं, आणि अगदी शेवटी एका ढेकळाला अडून नाकावर उलटलं. प्रोपेलरचं एक पातं तुटलं. बाकी सगळं शाबूत.

‘‘पास,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘बोट उचललंच नाही मी.’’

‘‘नापास,’’ मास्तर म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘परीक्षेत तुमची गाडी टपावर उभी राहिली असती, तर मी पास केलं असतं?’’

‘‘मास्तर, टपावर जायला आधी वेग लागतो. तुम्ही मला तिसऱ्या गिअरच्या वर जाऊच दिलं नाहीत!’’

‘‘अहो, त्या पास म्हणतायत ना?’’ पत्नी खुर्चीतून म्हणाली. ‘‘तुम्ही कशाला स्वतःविरुद्ध साक्ष देताय?’’

मास्तर ऐकेनात. नवा प्रोपेलर बसवला, बॅटरी बदलली आणि केबलचं टोक डॉक्टरांपुढे धरलं. डॉक्टरांनी ते घेतलं, गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं.

‘‘पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर जरूर द्या. परीक्षक मात्र चहाला चालला,’’ असं म्हणून त्या खरंच निघून गेल्या, आणि त्यांच्यामागून बाकीचेही.

मग मास्तरांनी रीतसर, रिकाम्या माळाला ऐकू जाईल असं ‘‘उडतंय!’’ म्हटलं आणि विमान सोडलं. गेलं, वळलं. पाठ, मान, खांदा. आलं. ‘‘सावकाश घ्या,’’ ते स्वतःला म्हणाले, ‘‘घाई कुणाला आहे?’’ दुपंखी ढेकळं टाळून गवतावर टेकलं, धावलं आणि उभं राहिलं, चाकांवर.

मास्तरांनी सांगायला कुणी आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मंडळी दूर गाड्यांपाशी चहात होती. पत्नीला खुर्चीतच डुलकी लागली होती. त्यांनी तिला उठवलं नाही. विमानापाशी जाऊन ते वाकले आणि अजून एका फेरीपुरती बॅटरी शिल्लक आहे का ते बघू लागले.