कोचीचं आकाश स्वच्छ होतं

कोचीचं विमान रद्द करायचं ठरलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि कोचीचं आकाश स्वच्छ होतं. शेफालीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ती आमची डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणाआधी हवामान, इंधन, मार्ग तपासून कागद तयार करणारी. प्रत्येक मोठा विमानतळ दर अर्ध्या तासाने हवामानाचा अहवाल पाठवतो. त्याला मेटार म्हणतात.

"सर, वारा चार नॉट, व्हिजिबिलिटी दहा किलोमीटर. वेदर आणू कुठून?"

वेदर, म्हणजे खराब हवामानाचं कारण, चोप्रांना हवं होतं. चोप्रा आमचे व्हाइस प्रेसिडेंट. मी मुंबईला ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये ड्यूटी मॅनेजर होतो. कोणतं विमान कुठे जाईल, कोणतं रद्द होईल, हे आमच्या खोलीत ठरायचं.

स्वस्त तिकिटांची कंपनी. दुरुस्तीला गेलेली इंजिनं परत येईनात. भाड्याने घेतलेली विमानं मालकांनी परत न्यायला सुरुवात केली होती. वेळापत्रक मात्र जुनंच, आणि तिकीटविक्रीही चालूच. वर त्याला 'नेटवर्क रॅशनलायझेशन' असं नाव. अहो, विमानं नव्हती! रोज सकाळी आम्ही बसून आज कोणाला फसवायचं ते ठरवत होतो.

रद्द झालेल्या प्रत्येक उड्डाणाला एक कोड द्यावा लागतो. विमान नाही असा कोड टाकला तर चूक कंपनीची, मग प्रवाशांना दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवून द्या. वेदर टाकलं की चूक कोणाचीच नाही.

मी चोप्रांना फोन लावला. "सर, मेटार क्लिअर आहे."

"पॅसेंजर मेटार पढता है क्या? वेदर डाल दो, वसंत. मौसम से कोई लड़ता नहीं."

शेफाली खुर्ची मागे सरकवून उठली. "माझ्या लॉगिनने नाही टाकणार, सर."

मी माझ्या लॉगिनने टाकला. निवृत्तीला चौदा महिने होते. यापलीकडे मोठं कारण शोधून सापडलं नाही.

त्या विमानाच्या यादीत धर्माचं नाव आहे हे मला माहीत होतं.

धर्मा रेवदंड्याचा, माझ्याच वर्गातला, स्वतःची होडी असलेला नाखवा. त्याचा धाकटा भाऊ जना मालवाहू बोटीवर खलाशी होता. आजारी पडला म्हणून त्याला कोचीला उतरवलं होतं. डॉक्टरांनी कळवलं होतं, भेटायचं असेल तर लवकर या. आई गेल्यावर जनाला धर्मानेच वाढवलं. तो आयुष्यात पहिल्यांदा विमानाने निघाला होता. मीच म्हणालो होतो, "आमच्याच विमानाने जा. काही अडलं तर मी आहे."

दहा वाजता त्याचा फोन आला.

"वसंता, तिकडं वारा सुटलाय म्हणतात. खरं काय?"

दुसऱ्या कंपनीचं कोचीचं विमान एक वाजता होतं. मला ते समोरच्या बोर्डावर दिसत होतं. चोप्रा मागे येऊन उभे होते. ते नसते तरी मी खरं बोललो असतो, अशी खात्री मला आज देता येत नाही.

"हो," मी म्हणालो.

"मग थांबतो. वाऱ्याफुडं शानपना न्हाय करायचा."

दुसरा कोणी असता तर त्याने काउंटरवर भांडण केलं असतं, दुसरं तिकीट मागितलं असतं. धर्माने तसलं काही केलं नाही. वारा आहे म्हटल्यावर होडी ओढून ठेवायची आणि थांबायचं, हे त्याला बापाने शिकवलेलं. मोठ्या चक्रीवादळात न ऐकता गेलेल्या दोघांची प्रेतं त्याने स्वतः पाण्यातून काढली होती. तो ससून डॉकला मेव्हण्याकडे जाऊन बसला. एक वाजताचं विमान वेळेवर उडालं, वेळेवर उतरलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विमान नव्हतं. पुन्हा वेदर, पुन्हा माझं लॉगिन, पुन्हा त्याचा फोन.

"निवळलं का रं?"

"अजून नाही."

"हिकडं तर पान हलत न्हाय. तिकडलं पानी येगळं असंल."

त्याच संध्याकाळी जना गेला. तिसऱ्या दिवशी आमचं विमान उडालं आणि धर्मा भावाला आणायला गेला.

दहाव्याला खाडीवर सगळे जमले होते. धर्मा माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाला, "वसंतानं लय खटपट केली. पर वाऱ्याफुडं कोनाचं चालतंय?" मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

चौदा महिन्यांनी मी निवृत्त झालो. निरोपाला चोप्रांनी शाल घातली. "टीम प्लेअर" म्हणाले. ती शाल मी गाडी पुसायला वापरतो. शेफालीने कोचीचं विमान रद्द झालं त्याच आठवड्यात नोकरी सोडली होती. तिला निरोप दिला गेला नाही.

त्यालाही काही वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी रेवदंड्याच्या बंदरावर गेलो. धर्मा जाळं विणत होता. मी सगळं सांगितलं: कोड, लॉगिन, एक वाजताचं विमान. तो विणत राहिला. मग त्याचा हात थांबला.

"दुसरं इमान गेलं त्या दिशी?"

"गेलं."

"भरून?"

"जागा होत्या. मी पाहिल्या होत्या."

त्याने जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "इतकी वर्सं वाऱ्याला शिव्या घातल्या, वसंता. त्याचा काय गुन्हा?" आणि जाळं उचलून होडीवर चढला. माझ्याकडे पाहिलं नाही. पूर्वी आठवड्यातून एकदा त्याच्या घरून मासळी यायची. आता येत नाही. ते योग्यच आहे.

चोप्रा दुसऱ्या कंपनीत मोठ्या पदावर आहेत. कोचीच्या त्या दोन दिवसांच्या नोंदीत आजही वेदर लिहिलेलं असेल, खाली माझं नाव. ती नोंद खोटी आहे. ती मी केली.

विमानतळावर तुम्हाला कोणी 'खराब हवामान' सांगितलं, तर आभाळाकडे बघू नका. शेजारच्या कंपनीच्या काउंटरवर बघा. तिथे रांग पुढे सरकत असेल, तर वाऱ्याला दोष देऊ नका.