पुतुल नावाचा गठ्ठा

एका ऑफिसात बारा वर्षं काढली की किस्से कपाटातल्या फायलींसारखे साठतात; एक ओढला की चार अंगावर येतात. एस्प्लनेडच्या आमच्या ऑफिसातले माझे बहुतेक किस्से नावांचे आहेत. माणसांच्या नव्हे, प्रोग्रॅमच्या!

सत्तर सालच्या आसपास प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. मिस्टरांची कलकत्त्याला बदली झाली आणि मॅट्रिकच्या जोरावर मी कार्डं पंच करायला लागले. गठ्ठ्यांचं कपाटही माझ्याकडेच. नाव काय ठेवायचं, ही लिहिणाऱ्याची मर्जी.

*

घोषबाबूंनी बायकोचं नाव दिलं, माला. तो प्रोग्रॅम रोज मधेच अडायचा. मशीनवरून हाक यायची, “घोषबाबू, बौदी पुन्हा रुसल्या!” एकदा खऱ्या बौदी, म्हणजे वहिनी, डबा घेऊन आल्या आणि दारातच त्यांनी हे ऐकलं. डबा तसाच परत गेला.

*

तपन सान्याल हंगामी होता. कायम नोकरी मिळावी, एवढीच त्याची धडपड. नावांची यादी वर्णक्रमाने लावणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला आणि धाकट्या बहिणीचं नाव ठेवलं, पुतुल. आमच्याच डमडमच्या शाखेनेही त्याची नक्कल नेली. मागेल त्याला तपन द्यायचा. मी म्हटलं, अरे, निदान तुझं नाव तरी घाल त्यात.

“पुतुल म्हटलं की तपनच आठवतो, दिदी.”

*

पुढे डमडमलाही एक माला निघाली. गठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि आमच्या हजेरीपटात त्यांच्या गोदामातले नटबोल्ट छापून आले. साहेबांच्या नावापुढे आलं, ‘सहा इंची, गंजलेला’!

साहेबांनी नियम काढला. ऑफिसचं अक्षर, खात्याचं अक्षर, पुढे चार आकडे. माणसांची नावं बंद. महिनाभर बसून मी सगळ्या गठ्ठ्यांना नंबर दिले. जुन्या नावांची यादी ठेवू का, असं विचारलं, तर साहेब म्हणाले, दोन याद्या म्हणजे पुन्हा घोटाळा. मी ती फाडली.

*

तपनची मुदत संपली. दुसरीकडे कायम जागेसाठी त्याने अर्ज केला. तिथून पत्र आलं, पुतुल हा प्रोग्रॅम यांनीच लिहिला का? मी साहेबांना सांगितलं, त्याचाच आहे. साहेबांनी विचारलं, “नोंदवहीत आहे?”

नव्हता. नोंदवहीत फक्त नंबर होते.

मी टाइप केलं, ‘या नावाचा प्रोग्रॅम आमच्या नोंदीत नाही.’ शब्द न् शब्द खरा. मी हे लिहिणार नाही, असं एकदा तरी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. जागा दुसऱ्याला गेली.

*

दोन महिन्यांनी तपन आला. माझी मान वर होईना. त्याने कपाट उघडायला सांगितलं. कार्डांचा क्रम चुकला तर कळावा म्हणून गठ्ठ्यांच्या कडेवरून ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा बघत गेला आणि स्वतःच्या निळ्या रेघेवरून पुतुलचा गठ्ठा उचलला. त्यातलं एक कार्ड काढून टाकलं, माझ्याकडून नवं पंच करून घेतलं, त्या जागी घातलं. रबर बँड लावून गठ्ठा होता तिथे ठेवला.

“यात एक चूक राहिली होती, दिदी,” तो म्हणाला. “डमडमलाही कळवा. नंबर सांगून.”