पाणी न घालण्याची शाबासकी

राजवाड्यामागच्या गल्लीत एका बाईची रोपांची छोटी नर्सरी आहे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माझी दोन अडेनियम, म्हणजे वाळवंटी गुलाबाची रोपं, कुजून मेली होती. तिसरं घ्यायला गेले, तेव्हा रोप देण्याआधी तिनं विचारलं, "अम्मा, तांदळाचं धुवण कुठं ओतता?"

"कुंडीत. रोज सकाळी." आमच्या घरी धुवण मोरीत सांडणं म्हणजे पाप.

ती खळखळून हसली. रोपाच्या फुगीर खोडावर अंगठा टेकवून म्हणाली, "हिचं पाणी हिच्या पोटात असतं. आपण कावेरीकाठची माणसं, तहानलेलं कुणी बघवत नाही आपल्याला, म्हणून ही मरते. खोडाला सुरकुती पडली तरच पाणी द्या. पावसाळ्यात घरात खिडकीशी ठेवा, उन्हाळ्यात अंगणात."

वर्षभर मी हात आवरला. धुवणाचं पातेलं घेऊन अडेनियमसमोरून केळीकडे जाताना चोरट्यासारखं वाटायचं. वैशाखात कालवे कोरडे पडले, अंगणातली जास्वंद कोमेजली, आणि ही मात्र गुलाबी फुलांनी अशी लगडली की पानं दिसेनात.

कुंडी मांडीवर घेऊन मी रिक्षानं नर्सरीत गेले आणि तिच्या रोपांच्या रांगेत ठेवून दिली. ती पाइपनं पाणी घालत एकेक रोप पुढे सरकत होती. माझ्या कुंडीपाशी थांबली. फुलं पाहिली, खोड पाहिलं. मग पाइपच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धार थांबवली आणि तशीच पुढच्या रोपाकडे गेली.

बत्तीस वर्षं शाळेत मी शाबासक्या वाटल्या. मला मिळालेली ही पहिली.