कोर्टातला पोर्तुगीज कागद

अकोल्याच्या कोर्टातला तो दिवस अजूनही लख्ख आठवतो... मध्यप्रांत-वऱ्हाड होतं तेव्हाची गोष्ट. मी हिवरखेडच्या भाजी पिकवणाऱ्या माळ्याचा पोरगा, कोर्टाच्या कागदांच्या नकला उतरवणारा नकलनवीस म्हणून नुकताच लागलेला. अर्जात ऐटीत लिहून बसलो होतो, लॅटिन येते. मिशनच्या शाळेत एका पाद्रीबाबांनी थोडीशी शिकवली होती, एवढंच!

त्या दिवशी मारियाबाई नावाची गोव्याची विधवा समोर उभी होती. नवरा रेल्वेत फिटर, तो गेला. दीर म्हणत होता, ही लग्नाची नाहीच, भावाचं घर सोड. बाईजवळ पुरावा एकच... चर्चचा पोर्तुगीज कागद, बराचसा वाळवीने खाल्लेला.

जज्जसाहेबांनी तो माझ्या हातात दिला. "पोर्तुगीज येते?"

"नाही साहेब. लॅटिन थोडी येते... ही भाषा तिचीच लेक." मी कागद उजेडात धरला.

धड दोनच शब्द लागले. पहिला 'कासादा'. दिराचा वकील ताडकन उठला, "कासा म्हणजे घर! म्हणजे घरात ठेवलेली बाई."

 लॅटिनमध्येही कासा म्हणजे झोपडी, घर... मूळ तेच होतं. मारियाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चुकलो असतो तर ती रस्त्यावर.

भीतीने माझी कोर्टाची भाषाच पळाली. "साहेब, आमच्या हिवरखेडले लग्नाच्या बायकोले घरवालीच म्हन्तेत. तिले काय कोनी ठेवलेली म्हन्ते?"

सगळे हसले.  मी घाईघाईने दुसरा शब्द दाखवला, 'मारिदो'. लॅटिनमधला मारितुस, लग्नाचा नवरा. फ्रेंचांनी त्याचाच मारी केला, इटालियनांनी मारितो...

साहेबांनी लिहून घेतलं. पुढे निकाल बाईच्या बाजूने लागला.

माझी भीती मात्र गेली नाही. मी अंदाजाने तर बोललो नाही? पाद्रीबाबांची बदली नागपूरला झाली होती, दोन्ही शब्द लिहून त्यांना पत्र टाकलं. उत्तर येईस्तोवर रोज वाट वाकडी करून बाईच्या घरावरून जायचो. दार उघडं दिसलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

अखेर पाद्रीबाबांचं कार्ड आलं... "कासादा म्हणजे लग्नाची बाई, मारिदो म्हणजे नवरा. तुझे दोन्ही अर्थ बरोबर."

कार्ड वाचून मी कोर्टाच्या पायरीवरच बसलो. त्यानंतर जन्मभर भाषांतरं केली, पण शब्दाचा अर्थ सांगताना भीती वाटतेच... आणि वाटते तेच बरं.