मावशीची दोन महिन्यांची सुट्टी

आमच्या शेजारच्या मावशीसारखी ऐटीत सुट्टी घेणारी बाई आख्ख्या अंधेरीत सापडायची नाही. जन्म कोळीवाड्यात गेला, चाळीस वर्षं बाजारात टोपली घेऊन बसली. गुडघे दुखायला लागले तेव्हा टोपली सोडली आणि हॉटेलवाल्यांना मासळीचा सल्ला द्यायला लागली. पहाटे त्यांच्याबरोबर बंदरावर जायचं, कल्ले उघडायचे, पोट दाबायचं आणि 'घे' किंवा 'सोड' एवढंच बोलायचं. कुणी कारण विचारलं की म्हणायची, "त्याचे पैसे वेगळे पडतील." सुरमईशी ती जितक्या मायेनं बोलायची, तितकं कुठल्या मॅनेजरशी कधी बोलली नाही. एकानं विचारलं, "मावशी, तुमचं ऑफिस कुठे?" तर नाकावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय."

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की मावशीपण बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत बर्फातला मासा बघायलासुद्धा जायची नाही. "दर्या सुट्टी घेतो, त्याला कोण बोलतं काय?" पण त्याआधी प्रत्येक हॉटेलच्या आचाऱ्याला घरी बसवून सुकट, सोडे, सुके बोंबील कसे भाजायचे, किती भिजवायचे ते दाखवायची. कुठली सुकी मासळी किती घ्यायची त्याची यादी मी लिहायची, कारण चौथीपर्यंतचं का होईना, माझं अक्षर तिला आवडायचं. मग मोबाईल तांदळाच्या डब्यात टाकून ती नवी साडी नेसून उंबऱ्यावर बसायची. दोन महिने हॉटेलांत सुक्या मासळीची ताटं खपायची आणि सुट्टी संपेपर्यंत एखादं नवं हॉटेल तिच्या दारात यायचं.

गेल्या वर्षी या सुट्टीत तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वर्षभर तिला धड दिसत नव्हतं. बोटांनी आणि नाकानं मासा ओळखत होती आणि हे फक्त मला माहीत होतं. हॉटेलवाल्यांना कळलं असतं तर धंदा तिथंच संपला असता. फोन उचलला नाही तर कुणीतरी घरी बघायला येईल, म्हणून मोबाईल डब्यात न जाता माझ्या हातात आला. फोनवर परक्यांशी बोलायची मला सवय नाही. त्यात सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरचाच फोन. म्हणाला, "उद्या गोडाऊनमधला माल बघायला मावशींना पाठवा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो."

मावशी काळा चष्मा लावून खाटेवर पडली होती. मी फोनवर हात ठेवून तिला सांगितलं. "बघ म्हणावं खुशाल," ती म्हणाली, "पण सोड्यांचं ताट चाललंय का ते विचार त्याला."

मी विचारलं. तो म्हणाला, "चाललंय. जोगेश्वरीच्या नव्या शाखेसाठीपण यादी हवीये."

"यादी मी लिहून पाठवते. माल बघायला मावशी नारळी पौर्णिमेनंतर येईल," मी म्हणाले. परक्या माणसाशी एवढं लांब मी कधी बोलले नव्हते. त्यानं "बरं" म्हणून फोन ठेवला.

"झकास," मावशी म्हणाली. "पुढच्या वर्षी सुट्टी तू घे, फोनवर मी बसते."

डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला सांगितला त्या दिवशी मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले. मला वाटलं, आधी एखादा मासा मागवील आणि खात्री करून घेईल. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"केस पांढरे झाले गो तुझे," ती म्हणाली. "मला बोलली नाहीस."

माझ्या घरी आरसा आहे, माणसंही आहेत. पण इतकं निरखून मला कितीतरी वर्षांत कुणी बघितलं नव्हतं.