संस्कृतच्या मॅडमची पाली

आदरणीय प्रभाताई खोंडे यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. 'प्रभाताई' हे या गौरवग्रंथापुरते. आम्हा विद्यार्थिनींच्या तोंडी त्या कायम खोंडे मॅडमच, म्हणून इथेही तेच लिहिते.

त्यांची-माझी पहिली भेट झाली भाषा निवडायच्या दिवशी. सातवीचा निकाल लागला की आठवीसाठी आमच्या शाळेत ठरवावे लागे, संस्कृत की हिंदी. संस्कृतचा वर्ग मॅडमचा, आणि तिथे पैकीच्या पैकी मार्क पडतात हे सगळ्या नागपूरला पाठ होते. माझे बाबाही तेच ऐकून मला घेऊन आले होते. मॅडमनी मात्र त्यांना सोडून मलाच विचारले, "तुले काय शिकाचं हाय वं?"

"पाली," मी म्हणाले. "विहारात आम्ही रोज बुद्धवंदना म्हणतो. मले तिचा अर्थच समजत नाही."

बाबा ओशाळले. "लहान हाय जी मॅडम, काहीही बोलते. संस्कृतच लिहा."

"काहीही काहून? बराबर बोलून राहिली पोरगी."

शाळेत पाली नव्हती. मुख्याध्यापकांनी "शिकवणार कोण?" एवढेच विचारले आणि त्यांच्या मते विषय संपला. मॅडम म्हणाल्या, "मी." गंमत म्हणजे तेव्हा त्यांना पाली येत नव्हती!

पन्नाशीला टेकलेल्या, संस्कृतच्या शिक्षिका म्हणून नाव कमावलेल्या मॅडम त्या मे महिन्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून रोज मोपेडवरून महाल भागातल्या आपल्या घरून सदर भागात जात. तिथे एका निवृत्त प्राध्यापकांपुढे विद्यार्थिनी होऊन बसत. शाळा उघडली आणि आमचा पालीचा वर्ग सुरू झाला. मी आणि आणखी चौघी मुली. मधल्या सुट्टीत एका हाताने डबा खात त्या आमचा पुढचा धडा तयार करत. अडले की सरळ सांगत, "हे मले येत नाही. उद्या विचारून येतो." सर कसे रागावले, हेही आम्हाला रंगवून सांगत आणि स्वतःच हसत. शिक्षकाला न येणे ही लाजेची गोष्ट नाही, हे मी तिथे शिकले.

स्टाफरूममध्ये कुजबुज झालीच. स्वतःच्या हाताने स्वतःचा वर्ग रिकामा करताय, असे एका सहकारी बाईंनी तोंडावर सुनावले. मॅडम एवढेच म्हणाल्या, "पोरगी आपल्या घरचं समजून घ्याले निघाली. तिले मार्काची लालूच दाखवू का?"

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना वंदनेची एकेक ओळ समजावून सांगितली. जेवता जेवता त्यांचा हात थांबला. शाळा उघडल्यावर ते मॅडमना भेटायला गेले आणि हात जोडून उभे राहिले. एरवी कोणाचे न ऐकणाऱ्या आमच्या मॅडम तेव्हा पार गडबडून गेल्या, आणि मला मात्र आभाळ ठेंगणे झाले होते.

आज त्याच शाळेत मी पाली शिकवते. गेल्या वर्षी पालकांनी जर्मनचा धोशा लावला आणि संस्कृत बंद करण्याचा घाट घातला गेला. बैठकीत त्याविरुद्ध सगळ्यांत आधी उभी राहिले ती मी, पालीची शिक्षिका. संस्कृतच्या बाईंनी मला माझी भाषा मिळवून दिली होती, त्यांची भाषा जाताना मी गप्प कशी बसणार? बरीच वादावादी झाली. संस्कृत राहिले, जर्मनही आले. आयुष्यात मला इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

ही बातमी सांगायला मी धावतच महालात गेले. मॅडम खूश होतील, दोन शब्द कौतुकाचे बोलतील, अशी माझी अपेक्षा. "बरं केलं," म्हणाल्या आणि लगेच पुढचा प्रश्न, "थे जर्मनवाली कशी हाय? म्हाताऱ्या बाईले शिकवंन का?"

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर जर्मनच्या वर्गात आठवीच्या पोरींबरोबर पहिल्या बाकावर त्या बसलेल्या असतात, आणि गृहपाठ सगळ्यांत आधी त्यांचाच तपासून होतो.

मॅडमना निरोगी शंभरी लाभो, असे आम्ही सगळ्याजणी मनापासून मागतो. पण शंभरी तरी पुरेल की नाही, याची मला शंकाच आहे. जर्मन अजून कच्चे आहे, आणि परवाच त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "फ्रेंच शिकवणारं कोणी हाय का वं तुह्या पाहण्यात?"